सुवाच्या घड्याळाप्रमाणे

०६.१०. धुकं. दृश्यमानता दोनशे मीटर.
०६.४५. धुकं विरलं. कुंपणापलीकडे मेंढपाळ एक,
एकेचाळीस शेळ्या, त्यातली एक लंगडी.
०७.३०. पांढरा पिकअप, दक्षिणेकडून उत्तरेकडे.
इसम दोन. मागे सफरचंदांच्या रिकाम्या पेट्या.
०७.५०. कॉर्पोरल नायवालु यांची पाळी समाप्त.
दुर्बीण सुपूर्द.

पुढचं वहीत येत नाही.
नेटवर्कची एकुलती काडी सापडते
वाळूच्या पोत्यांच्या तिसऱ्या थरावर, पाठ पत्र्याला टेकली तरच;
म्हणून एम.ए.चं दुसरं वर्ष
तिसऱ्या थरावर बसून चाललंय.

प्रबंधाचा विषय: एका गावानं समुद्र कसा मोजला.
गोलानच्या या उंचवट्यावर समुद्र नाही.
हर्मोनवरचा बर्फ आहे, तारेवर सुरुंगांच्या पाट्या,
वाऱ्यानं एकाच बाजूला विंचरलेली झाडं.
समुद्र येतो फोनवर.
धाकटा भाऊ एरोनी भरतीला धक्क्यावर जातो,
खुणांच्या बांबूचा फोटो काढतो, खाली लिहितो:
आज चर्चची दुसरी पायरी.
किंवा: कंटाळा आला, गेलो नाही.
किंवा: तिसरी! पास्टर चिडलेत, दारातल्या चपला वाहून गेल्या.

तक्त्यात आकडा गेला.
चपला गेल्या नाहीत.

सुवाची मध्यरात्र म्हणजे इथले दुपारचे तीन,
ऐन पहाऱ्याची वेळ.
सार्जंट तुइवागा दोन तास उभे राहायला तयार झाले,
घरून आलेल्या यांगोनाच्या अर्ध्या पुडीवर.
(आधी पूर्ण मागत होते.)

समासात डॉ. तेबानो यांचा शेरा, सकाळीच आलेला:
'प्रकरण तीन. अचूक आहे.
पण पाण्याकडे बघतंय कोण?
"पाहण्यात आले", "आढळून आले", "नोंद घेण्यात आली".
सगळा कर्मणी प्रयोग.
बघणारं माणूस कुठे ठेवलंत?'

कुठे ठेवलं?
नऊ वर्षं हेच तर शिकवलं गेलं.
ज्यानं पाहिलं त्यानं दिसायचं नाही,
कुंपणावर नाही, अहवालातही नाही.

१४.२०. स्फोट दोन, पूर्वेला, लांब. मग एक, तितका लांब नाही.
सगळे खाली.
तळघरात अकरा जण, अकरा हेल्मेटं, एक बल्ब,
कुणाच्या तरी मोज्यांचा वास.
नेटवर्क शून्य. बॅटरी चौतीस टक्के.
गुडघ्यावर प्रकरण तीन उघडलं,
पहिलं वाक्य खोडलं,
आणि बराच वेळ कर्सर नुसता लुकलुकत राहिला,
परेडमध्ये नाव पुकारल्यावर
कुणी पुढे येत नाही तसा.

मी भरतीच्या वेळी तिथे नसते.
पायरी माझा भाऊ पाहतो,
मी त्याचं पाहणं पाहते, नऊ तास मागे राहून.
बांबूवरच्या खुणा मी केल्या होत्या, स्वयंपाकघरातल्या सुरीनं,
सारख्या अंतरावर नाहीत त्या, हे आज प्रथमच लिहिते आहे.
वाहून गेलेल्या चपलांत एक जोड माझा होता.
निघताना दारात मुद्दाम सोडला होता,
आईला वाटावं, सेरुवाया आतच आहे कुठेतरी.

१५.४०. सर्व सुरक्षित.
सुवाला उद्या उजाडायला घेऊन चाळीस मिनिटं झालेली.
पोर्टलनं विचारलं, उशिराचं कारण:
आजारपण, कौटुंबिक, तांत्रिक, इतर.
इतर.
निळी पट्टी पोत्यांवर बसल्या बसल्या
सत्त्याण्णववर अडकली, हातात लॅपटॉप उंच धरला
तेव्हा कुठे सरकली.
तुइवागांनी खालून विचारलं, गेलं का?
गेलं बहुतेक.
मग पुडी काढ.

१६.०५. मेंढपाळ परत, त्याच वाटेनं.
शेळ्या चाळीस.
लंगडी आहे.
मी दोनदा मोजल्या.